आधी ताक, मग टोचणी

बुटांचा आवाज आला की थोरली आई हातातलं काम टाकून देवघराच्या दारात जाऊन उभी राहायची. पोस्टमन असो, तलाठी असो, नाहीतर मुंबईहून सुटीला आलेला आमचाच काका असो. पायात बूट म्हटले की तिचं हे ठरलेलं. थोरली आई म्हणजे माझ्या आजोबांची आई. मी तिला पाहिलं ते तिच्या अगदी शेवटच्या वर्षांत. तांबडं आलवण, कमरेत वाक, आणि पुढ्यात कायम काहीतरी निवडायचं सूप. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं, पण पुण्याच्या प्लेगची हकिगत मला कळली ती तिच्याकडूनच. पुस्तकं नंतर आली.

साल तिला ठाऊक नव्हतं. ‘रँड मेला त्या वर्षी’ एवढंच म्हणायची. म्हणजे १८९७. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन शनिवार पेठेतल्या वाड्यात आलेली. आदल्या सप्टेंबरात मुंबईला मांडवीच्या गोदामांच्या वस्तीत डॉ. व्हिएगस या गोव्याकडच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला होता. तो पुण्याला पोचायला फार वेळ लागला नाही. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेग कमिटी बसली, तिच्यावर रँडसाहेब आला आणि गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. आमचं मूळ घर वाईकडचं. हा साहेब आधी सातारा जिल्ह्यात होता आणि वाईत वाजंत्री वाजवण्यावरून झालेल्या प्रकरणात त्याने लोकांना शिक्षा ठोठावल्या होत्या. त्यामुळे तो पुण्याला येतोय म्हटल्यावर आमच्या वाड्यातली जाणती माणसं आधीच धास्तावली होती, असं ती सांगायची.

‘चुलीपर्यंत आले गं बुटांसकट,’ हे तिचं वाक्य. मग ओळीने यादी. लोणच्याच्या बरण्या फुटल्या, पिठाचे डबे पालथे झाले, वाकळा आणि घोंगड्या अंगणात नेऊन जाळल्या, देव्हारा हलवला. बायकांना ओळीने उभं करून काखा तपासल्या. याच्यापुढे ती बोलायची नाही. सूप उचलून दोनदा पाखडायची. धाकट्या दिराला तेव्हा गालगुंडं आली होती. गळा सुजलेला. सोल्जरांना तो दिसता तर इस्पितळात नेला असता, म्हणून सासूबाईंनी त्याला कणगीत बसवून वर सुपं रचली. कधी सांगताना ती कणगी असायची, कधी माळा, आणि एकदा तर परसातला कडब्याचा ढीग होता. पण पोर वाचलं हे नक्की, कारण ते पोर म्हणजे आमचे धाकटे आजोबा, आणि त्यांच्या हातचे भाजलेले शेंगदाणे मी पोटभर खाल्लेत.

इस्पितळाची भीती रोगापेक्षा मोठी होती. मुंबईत लोक म्हणत, तिथे माणसाला उलटं टांगून त्याच्या डोक्यातून मोमियाई नावाचं औषधी तेल काढतात. गिरणीतल्या कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली ती १८९६ च्या ऑक्टोबरात, याच भीतीपोटी. आज हे वाचून कुणी त्या लोकांना अडाणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. ज्या जागी नेलेलं माणूस बहुधा परत येत नाही, जिथे आपलं माणूस जाऊ शकत नाही, आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही, त्या जागेबद्दल माणसं आपापली गोष्ट रचणारच. कुणी दार उघडून आत नेऊन दाखवलं असतं, तर मोमियाईची गोष्ट दोन दिवसही टिकली नसती.

आणि खरं सांगायचं तर, साहेबांकडे तरी कुठे सगळं होतं? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येरसँने शोधला होता, तेवढं पक्कं होतं. तो माणसात येतो कसा, हे ठाऊक नव्हतं. मग फिनेल ओता, भिंतींना चुना लावा, कौलं काढून घरात ऊन येऊ द्या, जमिनी उकरा. थोरल्या आईला मात्र एक गोष्ट पाठ होती, आणि तिच्या सासूला, आणि वाईकडच्या गावांतल्या माणसांना: ‘उंदीर पडला की घर सोडायचं.’ आढ्यावरून उंदीर मरून पडला, की भांडीकुंडी, शेरडं-करडं घेऊन माणसं शेतात खोपी घालून राहायची आणि रोग हटला की परतायची. आमच्या घरानेही त्या उन्हाळ्यात तेच केलं. पुणं सोडून वाईजवळच्या मळ्यात आले ते कायमचेच. खोपीतल्या दिवसांबद्दल बोलताना मात्र तिचा चेहरा उजळायचा. चांदण्यात तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या, ओल्या कांद्याची पात, आणि सासूचा धाक जरा कमी!

उंदराचं हे ज्ञान आमच्या वाड्यात तेव्हा कुणी विचारलंच नाही. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या अंगावरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो हे दाखवलं, तर त्याच्याच धंद्यातल्या लोकांनी त्याची टर उडवली. पुढे १९०५ नंतर मुंबईच्या परळच्या प्रयोगशाळेत प्लेग कमिशनच्या माणसांनी तेच सिद्ध केलं, तेव्हा कुठे ते मान्य झालं. पिसवांचं थोरल्या आईला माहीत नव्हतं, उंदराचं मात्र पक्कं माहीत होतं. सोल्जर वाड्यात आले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने जरी ओसरीवर टेकून विचारलं असतं, ‘बाई, तुमच्यात या रोगाबद्दल काय म्हणतात?’, तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. विज्ञानाला त्या एका उत्तरातून कदाचित वाट मिळाली असती.

झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. त्याबद्दल आमच्या घरात दोन मतं होती आणि ती पंगतीत बसूनही मिटली नाहीत.

पण त्याच पुण्यात, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आजारी पोराला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणत होत्या. त्यांना कुणी दार लावून घेतल्याचं मी कुठे वाचलं नाही. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आणि मुंबईत वाल्डेमार हाफकिन हा परदेशी शास्त्रज्ञ प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेत होता. तो दिवस १० जानेवारी १८९७. लोकांना पटेना, तेव्हा विशीतल्या आगाखानांनी आपल्या खोजा जमातीसमोर, सगळ्यांच्या देखत दंड पुढे केला, एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा. हजारो खोजा मंडळी मग पुढे आली. कायदा तोच, सरकार तेच, रोग तोच. दारात कोण उभं आहे आणि कसं उभं आहे, एवढाच फरक.

बुटांचा तो धाक थोरल्या आईच्या अंगात मुरलेला, आणि तिचाच मुलगा, म्हणजे माझे आजोबा तात्या, पुढे देवी काढणारे डॉक्टर झाले! डॉक्टर कसले, लोकल बोर्डाचे टोचणीवाले. पण गावोगावी त्यांना ‘देवी डॉक्टर’च म्हणत. नोकरी लागली त्या दिवशी थोरली आई जेवली नाही म्हणे. ‘दुसऱ्याच्या घरात शिरायची नोकरी,’ असं म्हणाली. आणि मग तिने त्यांच्याकडून शपथ घेतली, तुळशीसमोर. शब्द नक्की काय होते ते प्रत्येकाने वेगळं सांगितलं. आत्या म्हणायची, ‘बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही’ अशी. काका म्हणायचा, ‘वहाणा बाहेर काढीन’ एवढीच. तात्यांना विचारलं तर ते नुसतं हसायचे. पण त्यांनी दोन्ही पाळलं.

देवीचा टोचा मुंबईला फार आधी आला होता. १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला तो दिला, तो हिंदुस्थानातला पहिला. तरी सव्वाशे वर्षांनंतर, तात्या कोरेगाव-वाईच्या खेड्यांत फिरायचे तेव्हा, दरवर्षी कुठे ना कुठे देवी यायच्याच. घराला कडुनिंबाचे डहाळे लागायचे. फोडणीचा वास बंद. घरात दही-भात, ताकातल्या कण्या, गार अन्न. पुरुषांची हजामत बंद. परक्याने आत यायचं नाही. आईने मुलाला निंबाच्या पाल्याने वारा घालत बसायचं, आणि फोड उतरले की देवीची ओटी भरून तिला निरोप द्यायचा.

तात्या थंडीत निघायचे, कारण उन्हात लस मरते. बेळगावच्या लसीच्या संस्थेतून यायची ती, वासराच्या अंगावर वाढवलेली. ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात घालून न्यायचे. त्यांच्याबरोबर लहानपणी हिंडलेला काका त्यांची रीत अशी सांगायचा: गावात शिरलं की आधी देवीच्या देवळात. नारळ. मग पारावर. कुणी ताक आणलं की प्यायचं, ते कुणाच्याही घरचं असो. यावरून घरी फार बोलणी खाल्ली त्यांनी. थोरली आई त्यांना मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि तेही निमूट करायचे, पण ताक त्यांनी सोडलं नाही. ‘ज्याच्या हातचं मी घेत नाही, तो माझ्या हातचं का घेईल?’ असं ते एकदा आजीला म्हणाल्याचं आत्याने ऐकलंय.

ताक झालं, पिकापाण्याचं झालं, की ते गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवायचे. तोंडावर देवीचे वण असलेली कुणीतरी असायचीच. तिला विचारायचे, ‘आजी, तुला कधी आल्या होत्या देवी?’ ती सांगायची. कुठल्या साली, कुठला भाऊ गेला, कुठल्या बहिणीचे डोळे गेले. ते ऐकत बसायचे. घाई नाही. तासभर गेला तर गेला. मग हळूच: ‘एकदा येऊन गेल्या, मग परत आल्या का कधी तुझ्याकडं?’

‘न्हाई बा. येकदा यिऊन गेल्याव कशाला येतील?’

‘गावात कुणाला परत आल्यात?’

सगळे आठवून बघायचे. नाही. कुणालाच नाही.

‘मग एकदाच, बारकीशी, दंडापुरती बोलवू या की पोराकडं. दोन फोड उठतील, ताप येईल, आणि निरोप.’

देवी आहे की नाही हा वाद त्यांनी आयुष्यात कधी घातला नाही. स्वतः ते काय मानत, तेही मला सांगता येणार नाही. लोकांना आपल्या अनुभवाने जे कळलेलं होतं, तिथूनच ते पुढची पायरी बांधायचे. एकदा देवी येऊन गेल्या की सहसा परत येत नाहीत, याच पायावर तर ती लस उभी होती. ते गावाला आधीच माहीत होतं. तात्यांनी ते फक्त गावाच्या तोंडून वदवून घेतलं. आणि परक्याने घरात यायचं नाही, ही देवीची शिस्त तर ते उलट घट्ट करायचे: ‘देवीला गर्दी चालत नाही, शेजारच्यांनीसुद्धा यायचं नाही, बाजाराला जायचं नाही.’ साथ आवरायला याहून वेगळं काय लागतं?

आठव्या दिवशी ते परत जायचे. फोड उठलाय का बघायला. हे नोकरीतच होतं, पण ते त्याला फार मानायचे. टोचून गेलेला माणूस परत आला, पोराच्या तापाची चौकशी केली, आईशी बोलला, की पुढच्या वर्षीचं निम्मं काम तिथंच झालं.

सगळीकडे जमलं असं नाही. एका गावाने त्यांना शिवेवरूनच परतवलं. सलग काही वर्षं. वरचे साहेब म्हणाले, पोलीसपाटलाला घेऊन जा. तात्यांनी नेलं नाही. त्या गावात मग देवी आल्या आणि पोरं गेली, किती ते तात्या कधी बोलले नाहीत. पोलीस घेऊन गेलो असतो तर ती पोरं वाचली असती का, हा प्रश्न त्यांनी म्हातारपणीसुद्धा टाकून दिला नव्हता. मी त्याचं उत्तर देऊ शकत नाही, आणि हा प्रश्न सोपा आहे असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. त्या गावाने पुढे स्वतः माणूस पाठवून त्यांना बोलावलं, हे खरं. पण ती पोरं गेल्यावर.

काकाने तात्यांचा धंदा पुढे चालवला, आरोग्य खात्यात. त्याच्या वेळेपर्यंत तात्यांच्या फिरकीच्या टोचणीची जागा दोन टोकांच्या बारीक सुईने घेतली होती. १९७३ च्या शरदापासून घरोघर जाऊन देवीचा रोगी शोधायची मोहीम निघाली. हातात फोड आलेल्या बाळाच्या चित्राचं कार्ड. ‘असं मूल पाहिलंत का?’ एवढाच प्रश्न घेऊन एक लाखाहून जास्त कामगार फिरत होते. काका म्हणायचा, आम्ही पोरांना विचारायचो. शाळेतल्या पोरांना गावात कोण आजारी आहे ते सगळं माहीत असतं. खबर देणाऱ्याला बक्षीस होतं, ते वाढत वाढत एक हजार रुपयांवर गेलं.

त्याच मोहिमेतली सिंहभूमची गोष्ट काका सांगायचा. पुढे मी ती लॅरी ब्रिलियंट या जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिकन डॉक्टरांच्या लिखाणात वाचली. ‘हो’ जमातीच्या आदिवासींच्या एका पुढाऱ्याने लस नाकारली. मध्यरात्री पथक दार मोडून आत शिरलं, नवरा-बायकोला दाबून धरून लस टोचली. झटापटीत त्याच्या बायकोने एका तरुण डॉक्टरला चावा घेतला. सगळं उरकल्यावर तो पुढारी उठला, वेलाला लागलेली एकुलती एक तयार काकडी तोडून त्याने त्या चावलेल्या डॉक्टरच्या हातात ठेवली, आणि मग बोलायला लागला. रोग देवाच्या इच्छेने येतो हा माझा धर्म, तो मी पाळला. टोचणं हा तुमचा धर्म, तो तुम्ही पाळलात. आता लढाई संपली, तुम्ही माझ्या घरी पाहुणे आहात. असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ. काका ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी काकडीपाशी थांबायचा. ‘पाहुणे म्हणून आधी गेले असते तर?’ म्हणायचा.

२४ मे १९७५ ला आसामात करीमगंजला देशातला शेवटचा रोगी सापडला. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं. तात्या तेव्हा नव्हते. काकाने त्या दिवशी घरात दही-भात करायला लावला, आणि तोही फोडणीशिवाय. देवीला निरोप द्यायचा तर असाच द्यायला हवा, म्हणाला.

ही रीत तात्यांबरोबर गेली नाही, हे मला पुढे गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग १९८६ मध्ये तिकडे गेले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. आम्हाला ती मोठी इमारत भिववते, तिथे आमचा देव नाही, आमची माणसं थांबू शकत नाहीत, अशी उत्तरं आली. मग त्यांच्या शोधग्राम या केंद्रातला दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला, दारात दंतेश्वरी देवीचं देऊळ, आणि दवाखान्याचं नावही तिचंच. तिच्या जत्रेत आदिवासी जमून आपल्या आरोग्याचे प्रश्न स्वतः ठरवतात. आणि गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तो जगाने उचलला. तिथल्या पडवीत बसले होते तेव्हा मला तात्या फार आठवले. त्यांना हे दाखवायला हवं होतं.



करोनाची लस आली त्या वर्षी मी वाईजवळच्या आमच्या घरीच होते. गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, रोज दारावरून जायच्या. शेजारच्या काकू दार उघडायच्या नाहीत. ‘माझा भाऊ सुई घेऊन चौथ्या दिवशी गेला,’ एवढंच आतून. आशाताईंनी कागद दाखवला नाही, मोबाइलही दाखवला नाही. एका दुपारी उंबऱ्याबाहेर बसल्या आणि म्हणाल्या, ‘भावाचं सांगा की.’ काकूंनी सांगितलं. भाऊ कसा होता, कुस्ती कशी खेळायचा, दम्याने कधीपासून हैराण होता, शेवटच्या दिवसांत कुणी जवळ नव्हतं. सांज झाली. मीच चहा केला सगळ्यांना. सुईचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. दोन-तीन दिवसांनी काकूंनीच आशाताईंना हाक मारली आणि विचारलं, सुई घेतल्यावर दम्याच्या माणसाला काय होतं, ते तुमच्या डॉक्टरला विचारून सांगता का? आशाताईंना ते माहीत नव्हतं, आणि त्यांनी तसं सांगितलं. प्रश्न वहीत लिहून घेतला, आणि काकूंना म्हणाल्या, ‘मी विचारून येते, मग ठरवा.’ दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतःच आले. चपला अंगणात काढल्या. काकूंनी आधी ताक आणलं.